अल्लाहच्या घरचे पाहुणे

दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे नाव ज्या मुस्लिम घरात ठाऊक नाही असे घर आपल्याकडे विरळाच. नाव ठाऊक असते, आणि त्या नावाभोवती शतकानुशतके गोळा झालेल्या करामतींच्या कथाही ठाऊक असतात. त्यांचा प्रत्यक्ष दिवस कसा जात असे, कोणत्या गोष्टींनी ते आनंदित होत आणि कोणत्या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी इतका बारीक तपशील क्वचितच हाती लागतो. त्यांचे मुरीद अमीर हसन सिज्जी हे इ.स. १३०८ पासून सुमारे पंधरा वर्षे त्यांच्या बैठकींत बसले आणि जे ऐकले ते घरी जाऊन लिहीत राहिले. तो ग्रंथ म्हणजे ‘फवाइदुल फुआद’. पुढे मीर खुर्द यांनी ‘सियरुल औलिया’ लिहिला. त्यांच्या घराण्याचे हजरतांशी तीन पिढ्यांचे संबंध होते. करामतींची चर्चा बाजूला ठेवून या जुन्या वृत्तांतांतील साध्या प्रसंगांकडेच आज वळू या.

हजरत निजामुद्दीन (रह.) यांचा जन्म तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बदायूं येथे झाला. त्यांचे आजोबा बुखाऱ्याहून हिंदुस्थानात आले होते. मोगलांच्या, म्हणजे मंगोलांच्या, टोळधाडीने मध्य आशियातील शहरे ओस पडली होती आणि विद्वानांची कितीतरी घराणी अशीच देशोधडीला लागली होती. वडील ख्वाजा अहमद हे मूल लहान असतानाच अल्लाहला प्यारे झाले. घरात उरल्या आई बीबी जुलैखा, एक मुलगी आणि हा मुलगा. मिळकतीचे साधन जवळजवळ नव्हते. कधी दोन वेळचे अन्न मिळे, कधी एक वेळचे, आणि कधी दिवसभर चूल पेटतच नसे.

अशा दिवशी बीबी जुलैखा मुलांना काय सांगत, हे हजरतांनी वृद्धपणीही आठवणीने सांगितले आहे. घरात दाणा नसला की त्या मुलांना सांगत, की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. आवाजात ना रडगाणे, ना शेजाऱ्यांविषयी गाऱ्हाणे. पाहुणा म्हटला की त्याने चिंता करावयाची नसते, ती यजमानाने करावयाची असते. आणि येथे यजमान तर सर्व विश्वाचा पालनकर्ता. त्या लहान मुलाच्या मनाला हे शब्द इतके गोड वाटत, की एकदा कोणी तरी एका टंकाचे धान्य घरी आणून टाकले आणि कित्येक दिवस लागोपाठ भाकरी मिळू लागली, तेव्हा तो कंटाळून गेला. आई ते वाक्य पुन्हा केव्हा उच्चारील, याची तो वाट पाहू लागला. शेवटी धान्य संपले, आईने ते सांगितले, आणि त्या क्षणी आपल्याला जो आनंद व जी तृप्ती लाभली तिचे वर्णन करता येत नाही, असे हजरत म्हणत.

ही घटना वाचताना माझ्या मनात नेहमी त्या माउलीचा विचार येतो. मुलाला आनंद झाला खरा. परंतु रिकामी कणगी पाहून तिच्या काळजात काय झाले असेल, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. तिने ते स्वतःपाशी ठेवले. मुलांच्या वाट्याला तिने भूक येऊ दिली, कारण ते तिच्या हाती नव्हते. भुकेची कटुता मात्र येऊ दिली नाही, कारण तेवढे तिच्या हाती होते. आपल्या घरांत महागाईचे आणि तंगीचे रडगाणे मुलांच्या कानांवर सकाळ-संध्याकाळ पडत असते, तेव्हा बदायूंचे ते घर आठवल्यावाचून राहत नाही.

याच आईने मुलाला शिकविले. मौलाना अलाउद्दीन उसूली हे त्याचे बदायूंचे उस्ताद. तेही असेच निर्धन, आणि तसेच स्वाभिमानी. मुलाने ‘कुदूरी’ हा फिकहचा ग्रंथ पूर्ण केला, तेव्हा उस्तादांनी आता याच्या शिरावर दस्तार, म्हणजे विद्वत्तेचा फेटा, बांधला पाहिजे असे ठरविले. विकत घेण्याची ऐपत नव्हती. आईने स्वतः सूत कातले, त्याचे कापड विणून घेतले आणि शहरातील विद्वान व सत्पुरुषांना साध्या जेवणाचे आमंत्रण दिले. ज्या ख्वाजा अली नावाच्या सज्जनाने तो फेटा बांधण्यास हात लावला, ते एके काळी वाटमारी करीत आणि तौबा करून सन्मार्गाला लागले होते. बादशहाच्या खिलअती पुढे हजरतांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परत गेल्या. परंतु आईच्या हातच्या सुताच्या त्या फेट्याचा उल्लेख जुन्या ग्रंथकारांनी ज्या जिव्हाळ्याने केला आहे, तसा कोणत्याच खिलअतीचा केलेला नाही.

सोळा-सतरा वर्षांचा असताना हा तरुण आई व बहिणीसह दिल्लीस आला. हदीस, फिकह, भाषाशास्त्र यांत तो इतका निष्णात झाला, की वादसभेत त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. काजी व्हावे अशी तेव्हा त्याचीही इच्छा होती. पुढे अजोधन येथील बाबा फरीद (रह.) यांच्या ओढीने, वयाच्या विसाव्या वर्षी, तो त्यांच्या दारी पोहोचला आणि ती इच्छा मागे पडली. अजोधन म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पाकपट्टन.

अजोधनच्या खानकाहमध्ये रानटी झुडपांची फळे मीठपाण्यात उकडून खाल्ली जात. तीही पोटभर मिळाली तर तो ईदचा दिवस. तेथील एक प्रसंग मीर खुर्द यांनी सांगितला आहे आणि तो त्यांच्या स्वतःच्या आजीचा, बीबी रानी यांचा, आहे. तरुण निजामुद्दीन यांच्या अंगावरचे कपडे मळून फाटले होते. साबण घेण्यास पैसा नव्हता. बीबी रानींनी ते पाहिले आणि कपडे द्या, धुऊन ठिगळ लावून देते, असे सांगितले. दुसरे वस्त्रच नव्हते, ते संकोचले. तेव्हा त्या माउलीने आपल्या पतीची चादर आणून दिली. ती गुंडाळून ते एका कोपऱ्यात पुस्तक वाचीत बसले, आणि इकडे कपडे धुऊन, वाळवून, पतीच्या फेट्याचा तुकडा कापून त्यांना ठिगळे लावली गेली. एवढीच गोष्ट. परंतु हजरत हे उपकार आयुष्यभर विसरले नाहीत, आणि त्या घराण्याला त्यांनी अखेरपर्यंत आपले मानले.

अजोधनमध्येच त्यांच्या मनाला एक टोचणी लागली. बाबा फरीद (रह.) हे देणेकऱ्यांनी धनकोंना संतुष्ट करावे, हे वारंवार सांगत. निजामुद्दीन यांच्यावर दिल्लीतील एका कापडविक्याचे २० जीतल देणे होते आणि दुसऱ्या एका गृहस्थाचे पुस्तक त्यांच्याकडून हरवले होते. जीतल हे त्या काळचे हलके नाणे. २० जीतल ही रक्कम ती काय, परंतु ज्याच्यापाशी एकही नाही त्याला ती डोंगराएवढी. दिल्लीस परतल्यावर महत्प्रयासाने १० जीतल जमले. २० होईपर्यंत थांबावे की काय, असा विचार न करता ते तेवढेच घेऊन कापडविक्याच्या दारी गेले, हाक मारली, पैसे हातावर ठेवले आणि उरलेले नंतर देईन असे सांगितले. तो दुकानदार त्यांच्याकडे पाहत राहिला. हा माणूस सज्जनांच्या सहवासातून आलेला दिसतो, असे म्हणून त्याने उरलेले १० जीतल तेथल्या तेथे माफ केले. नंतर ते पुस्तकाच्या मालकाकडे गेले. पुस्तक हरवले आहे, दुसरी प्रत मिळवून स्वहस्ते नक्कल करून देईन, असे त्यांनी सांगताच त्या गृहस्थानेही पुस्तक त्यांना माफ केले. या दोघांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. निजामुद्दीन (रह.) यांच्यासारख्या पुरुषाच्या घडणीत मोठमोठ्या गुरूंचा जसा वाटा आहे, तसा या दोन अनाम दिल्लीकरांचाही आहे, असे मला वाटते.

दिल्लीतील त्यानंतरची अनेक वर्षे दारिद्र्यातच गेली. राहण्यास स्वतःचे घर नाही. आज या मोहल्ल्यात, उद्या त्या. एका हंगामात खरबुजे इतकी स्वस्त झाली होती, की एका जीतलात ढीगभर मिळत. तो हंगाम बहुतेक सरला, तरी त्यांनी एक फोडही चाखली नव्हती. आपण त्यातही प्रसन्न होतो, आणि उरलेला हंगामही तसाच जावा असे वाटत होते, असे ते नंतर हसून सांगत. हंगामाच्या शेवटी कोणी तरी काही खरबुजे आणि भाकरी घेऊन आला. ती अल्लाहने पाठविली म्हणून त्यांनी आनंदाने खाल्ली. न मिळण्यातही गोडी आणि मिळण्यातही गोडी! हा संस्कार कोणत्या घरातला, हे वाचकांना सांगावयास नको.

त्या घराची सावलीही याच काळात हरपली. प्रत्येक महिन्याचा नवा चंद्र दिसला, की आईच्या पायांवर डोके ठेवून मुबारकबाद द्यावयाची, असा त्यांचा लहानपणापासूनचा नेम होता. एका महिन्यात चंद्र दिसला, त्यांनी डोके ठेवले, आणि आईने विचारले की पुढच्या महिन्यात कोणाच्या पायांवर डोके ठेवशील? मुलाला रडू कोसळले. मला कोणाच्या हवाली करून जाणार, असे त्याने विचारले. त्याचे उत्तर उद्या देईन, असे सांगून आईने त्याला रात्री शेख नजीबुद्दीन मुतवक्किल यांच्या घरी झोपावयास पाठविले. पहाटेच्या सुमारास दासी धावत आली. ते घरी पोहोचले. आईने त्यांचा उजवा हात हातात घेतला, या मुलाला तुझ्या हवाली करते असे अल्लाहला सांगितले आणि प्राण सोडला. तिने सोन्या-मोत्यांनी भरलेले घर मागे ठेवले असते तरी मला इतके समाधान झाले नसते, असे हजरत म्हणत. वर्षानुवर्षे महिन्यातून एकदा येणारा तो एक क्षण! आपल्याकडे ईदचा चंद्र सोडला तर इतर महिन्यांचे चंद्र केव्हा उगवले आणि मावळले, याची दखल तरी कोण घेतो?

पुढे यमुनेच्या काठी गियासपूर या खेड्यात त्यांची खानकाह उभी राहिली. आज दिल्लीत निजामुद्दीन म्हणून जी वस्ती ओळखली जाते, ती तेथलीच. काही वर्षांतच तेथे माणसांचा पूर लोटू लागला. अन्नछत्र चाले, नजराणे येत. आणि जे येई ते वाटले जाई. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजला जाण्यापूर्वी कोठार रिकामे करून झाडून घेतले जाई. त्यांच्या हयातीत दिल्लीच्या तख्तावर कितीतरी सुलतान आले आणि गेले. हजरत दरबारापासून दूरच राहिले. राजकारणाचा हा भाग पुष्कळांनी लिहिला आहे. आपण तेथे रेंगाळण्याचे कारण नाही.

दुपारी ते थोडा वेळ झोपत. एकदा त्या वेळी एक दरवेश आला आणि हजरत झोपले आहेत म्हणून सेवकाने त्याला रिकाम्या हातांनी परत पाठविले. हे कळल्यावर हजरतांना अतिशय दुःख झाले. त्यानंतर डोळा उघडताच ते दोनच गोष्टी विचारीत: दिवस कलला काय, आणि कोणी आले आहे काय? पहिला प्रश्न जुहरच्या नमाजसाठी, दुसरा दाराशी ताटकळणाऱ्या माणसासाठी.

एकदा एक मंडळी भेटीस निघाली. प्रत्येकाने काही ना काही भेट घेतली. त्यांच्यात एक शिकलेला गृहस्थ होता. सगळ्या भेटी एकत्रच ठेवल्या जातील आणि सेवक उचलून नेईल, कोणी काय आणले हे कोण पाहतो, असा हिशेब करून त्याने वाटेतली माती कागदात बांधली आणि ती पुडी इतरांच्या भेटींत ठेवून दिली. सेवक सारे उचलू लागला, तेव्हा हजरतांनी ती पुडी तेवढी येथेच राहू द्या, हा माझ्या डोळ्यांचा खास सुरमा आहे, असे सांगितले. तो मनुष्य शरमेने विरघळला. हजरतांनी त्याला जवळ घेतले आणि काही गरज असेल तर संकोच न करता सांगत जा, असे समजाविले. विचार करा: चोरी पकडलीही गेली, आणि मंडळींपैकी कोणालाही तिचा पत्ता लागला नाही. दुसऱ्याची अब्रू झाकणे ही दीनची शिकवण आपण सारेच जाणतो. ती हसत हसत आणि क्षणार्धात अमलात आणणे ही वेगळीच विद्या आहे.

यमुनेच्या काठाने जाताना एके दिवशी त्यांना एक म्हातारी विहिरीचे पाणी शेंदताना दिसली. नदी दोन पावलांवर असताना हे कष्ट कशासाठी, असे त्यांनी विचारले. म्हातारीने सांगितले, की नवरा म्हातारा आहे, घरात खावयास काही नाही. यमुनेचे पाणी पाचक, ते प्याले की भूक लागते, म्हणून विहिरीचे जड पाणी नेते. हजरतांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. गियासपुरात एक बाई भूक लागू नये म्हणून नदीचे पाणी पीत नाही, असे त्यांनी आपला सेवक ख्वाजा इकबाल याला सांगितले. तिच्या घरखर्चाला किती लागते ते विचारून घे आणि दरमहा न चुकता पोहोचवीत जा, अशी आज्ञा केली.

उन्हाळ्यात एकदा गियासपूरला आग लागली. ते अनवाणी गच्चीवर गेले आणि आग विझेपर्यंत तापलेल्या गच्चीवर तसेच उभे राहिले. मग इकबालला जळालेली घरे मोजून येण्यास सांगितले आणि प्रत्येक घरी चांदीचे दोन टंक, जेवण आणि थंड पाण्याची एक घागर पाठविली. टंकाची किंमत त्या काळी मोठी होती, हे खरे. परंतु माझे लक्ष त्या घागरीकडे जाते. आगीने होरपळलेल्या, धुराने घसा कोरडा पडलेल्या माणसाला सर्वांत आधी काय हवे असते, हे गच्चीवर उन्हात उभ्या असलेल्या माणसालाच सुचू शकते.

माणसांना आनंद देणाऱ्या या पुरुषाच्या पोटात मात्र सतत एक दुःख असे. ते बहुधा रोज रोजा ठेवीत. सहरीला अब्दुर्रहीम नावाचा सेवक अन्न घेऊन येई, तेव्हा दोन-चार घासांनंतर हात थांबे. इफ्तारलाही आपण फारसे खाल्ले नाही, अशाने शक्ती कशी राहणार, असे तो काकुळतीने विचारी. तेव्हा ते रडत आणि सांगत, की मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर कितीतरी गरीब उपाशी झोपले आहेत, मग हा घास घशाखाली कसा उतरावा? कियामतच्या बाजारात दुसऱ्याच्या मनाला दिलेल्या आनंदाइतके कोणत्याच नाण्याला मोल नसेल, अशी त्यांची शिकवण होती. आणि ती देणारा माणूस रात्री उपाशी राहून रडत असे. हसतमुखाने भेटणे हाही सदका आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. त्या हसण्यामागे दुसऱ्याच्या भुकेची एवढी जाणीव असू शकते, हे या चरित्रात दिसते.

इंदरपत येथे छज्जू नावाचा एक मनुष्य राहत असे. त्याने विनाकारण हजरतांशी वैर धरले होते. तो त्यांची निंदा करी आणि त्यांना त्रास होईल असे उद्योग करी. तो मेला, तेव्हा हजरत त्याच्या कबरीवर गेले, दोन रकअत नमाज अदा केली आणि याने माझे जे वाईट चिंतिले व केले ते मी माफ केले आहे, माझ्या कारणाने याला शिक्षा होऊ नये, अशी दुआ केली.

अमीर हसन यांच्या ग्रंथात एक प्रसंग आपल्या दख्खनच्या भूमीवरचा आहे. हसन हे लष्करी नोकरीत होते. देवगिरीच्या छावणीत असताना त्यांच्या मलीह नावाच्या सेवकाने काही टंक देऊन एक लहान मुलगी दासी म्हणून विकत घेतली. लष्कर दिल्लीकडे परतू लागले, तेव्हा तिचे आईबाप रडत आले आणि दिलेल्याहून अधिक पैसे पुढे करून मुलगी परत मागू लागले. हसन यांना राहवले नाही. त्यांनी पदरचे पैसे मलीहला देऊन मुलगी आपल्या ताब्यात घेतली आणि आईबापांच्या स्वाधीन केली. त्यांनी आणलेले पैसेही त्यांनाच परत दिले. हे ऐकून हजरत संतोष पावले. मग त्यांनी आपले बालपणीचे उस्ताद मौलाना उसूली यांची आठवण सांगितली. मौलानांच्या घरी विकत आणलेली एक वृद्ध दासी रडत होती. तिचा मुलगा कटेहरकडे राहिला होता. मौलानांनी, शहराबाहेरच्या तळ्यापर्यंत पोहोचविले तर पुढची वाट ठाऊक आहे काय, एवढे विचारले आणि पहाटे काही भाकरी बरोबर देऊन तिला तेथवर सोडून आले. स्वतःच्या घरी अन्नाची मारामार असताना! ही गोष्ट सांगताना हजरतांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. पुढे मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी नेली, तेव्हा हेच अमीर हसन दख्खनमध्ये आले आणि येथेच वारले. वेरूळजवळच्या खुलताबादेत त्यांची कबर आहे. हजरतांचे दुसरे मुरीद शेख बुरहानुद्दीन गरीब (रह.) हेही तेथेच विसावले आहेत.

हजरतांचे अखेरचे आजारपण दीर्घ होते. त्या दिवसांत त्यांनी अन्न जवळजवळ सोडले होते. शुद्ध हरपे आणि परत येई. शुद्धीवर येताच नमाज झाली काय, हे ते पुन्हा पुन्हा विचारीत आणि अदा झालेली नमाजही परत अदा करीत. एके दिवशी त्यांनी आप्त व सेवकांना जवळ बोलावले आणि घरात जे काही असेल ते गरिबांना वाटून टाका, एक दाणाही मागे ठेवला तर त्याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल, असे बजावले. इकबालने सारे वाटले. परंतु खानकाहमध्ये राहणाऱ्या दरवेशांना काही दिवस पुरेल एवढे धान्य त्याने ठेवून घेतले. हे कानावर येताच हजरत नाराज झाले. त्यांनी गोरगरिबांना बोलावून घेतले, कोठारांची दारे तोडून सर्व धान्य बेधडक घेऊन जा आणि जमीन झाडून स्वच्छ करा, असे सांगितले. थोड्या वेळात माणसे जमली, कोठार रिकामे झाले आणि जमिनीवर झाडू फिरला.

रबीउस्सानी ७२५ हिजरीच्या १८ तारखेस, म्हणजे ३ एप्रिल १३२५ रोजी, सूर्योदयानंतर त्यांनी या जगाचा निरोप घेतला. जनाजाची नमाज मुलतानचे शेख रुक्नुद्दीन (रह.) यांनी पढविली.